फिफ्थ व्हील ट्रेलरची स्टेपनी कोठे ठेवावी आणि वेळेला ती बाहेर कशी काढावी?

माळरान (डॅलस, टेक्सस)

नमस्कार. आमच्याकडे ३५ फुटी फिफ्थ व्हील ट्रेलर (ज्याचे नाक पिकअपच्या हौद्यातल्या हिच या जोडणीवर टेकते असा राहण्याचा ट्रेलर) असून तो आम्ही डिझेल पिकअपने ओढतो. ट्रेलरला प्रत्येकी ७,००० पौंडांचे दोन अ‍ॅक्सल आहेत आणि टायर एसटी २३५/८० आर १६, लोड रेंज ई (भारक्षमतेचा वर्ग) या मापाचे आहेत. (येथे एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर, लालपरीशी संबंध नाही.) हा टायर ८० पीएसआय हवेवर ३,५२० पौंड पेलतो. पूर्ण भरलेल्या अ‍ॅक्सलवर एका चाकाच्या वाट्याला ३,५०० पौंड येतात, म्हणजे हाताशी उरतात ते अवघे २० पौंड. इतक्या काठावर चालणारा टायर उन्हाळ्यात कधी ना कधी दगा देणार, हे गृहीत धरूनच स्टेपनीचा विचार करायला हवा, असे माझे मत आहे.

कारखान्यातून आलेली स्टेपनी अ‍ॅक्सलच्या मागे, चासीच्या पोटाखाली, तारेच्या विंचला टांगलेली आहे. बंपरच्या वर एक छिद्र असून त्यातून लांब दांडा घालून फिरवला की तार उलगडते आणि चाक जमिनीवर उतरते. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. अडचण अशी की आम्ही मागे दोन इंची रिसीव्हर (रॅक अडकवायची चौकोनी खोबण) बसवून घेतला, त्यात सायकलींचा रॅक आला आणि त्या रॅकचा उभा खांब नेमका छिद्रासमोर येतो. टायर फुटल्यावर आधी सायकली उतरवायच्या, मग रॅक काढायचा, मग दांडा घालायचा, आणि हे सारे महामार्गाच्या कडेला, शेजारून अठरा चाकी ट्रक धडधडत जात असताना करायचे.

स्टेपनी हलवावी असा विचार आहे. पिकअपचा हौदा, पुढच्या बाजूचा आरपार सामानकप्पा आणि मागील रिसीव्हरवरचा स्टेपनी-धारक असे तीन पर्याय दिसतात. ज्यांनी यांपैकी काही वापरले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

लाल माती (मिशिगन)

चाक पोटाखालीच राहू द्या आणि रॅक हलवा, असे मी सुचवेन. पोटाखालच्या चाकाला ऊन लागत नाही, सामानाची जागा जात नाही आणि वजनही खाली राहते. लोक या विंचला नावे ठेवतात, पण बहुतेकांनी ट्रेलर घेतल्यापासून तो एकदाही फिरवलेला नसतो. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारे पाणी तारेच्या पिळांत शिरते, आतून गंज धरतो आणि वरून चांगली दिसणारी तार ऐनवेळी अडकते किंवा तुटते. म्हणून वसंतात ट्रेलर बाहेर काढताना आणि हिवाळ्यापूर्वी तो उभा करून ठेवताना मी चाक पूर्ण खाली उतरवतो, तार तारेच्या ब्रशने घासतो आणि तिला साखळीचे वंगण देतो.

तारेच्या टोकाला एक पोलादी पट्टी असते, जी चाकाच्या मधल्या छिद्रातून आडवी घालून मग सपाट करायची असते. चाक बाहेर काढताना हीच पट्टी तिरपी करावी लागते आणि त्यासाठी तारेला पुरेशी ढील हवी. चाक जमिनीला टेकले की अनेकजण दांडा फिरवणे थांबवतात आणि मग पोटाखाली आडवे पडून पट्टीशी झुंजत बसतात. चाक टेकल्यानंतरही दांडा बराच फिरवत राहावे.

आणखी एक सूचना. चाक टांगताना व्हॉल्व्हचे तोंड खाली येईल असे पाहावे, म्हणजे ते न उतरवता हवा तपासता येते. विंचवर एकट्यावर भरवसा न ठेवता मी चाकातून एक साखळी घालून ती चासीला कुलूप लावून बांधतो. तार तुटली तरी चाक मागच्या गाडीच्या काचेवर जाणार नाही आणि चोरीचाही प्रश्न मिटतो.

सुकाणू (नेवाडा)

लाल माती यांची निगराणी वाखाणण्याजोगी आहे, पण एक मुद्दा त्यात सुटतो. विंच कितीही तेलपाणी केलेला असला, तरी चाक ट्रेलरखालून बाहेर ओढायला खाली जागा उरली पाहिजे. या मापाचे चाक व्यासाने सुमारे ३१ इंच आणि रुंदीला नऊ इंचांहून अधिक असते. आडवे पडलेले चाक वर पट्टी आणि तारेसकट ओढून काढायला किमान दहा-अकरा इंच मोकळी उंची लागते. आजकालच्या फोर बाय फोर पिकअपचे हौदे इतके उंच झाले आहेत की पुष्कळ फिफ्थ व्हील नाक वर करूनच चालतात. नाक वर गेले की शेपूट खाली येते आणि मागच्या अ‍ॅक्सलवर जास्त भारही पडतो. त्यात मागचे चाक फुटले आणि रस्त्याची कड उतरती असली, तर ट्रेलरचा तो कोपरा आणखी बसतो. मग स्टेपनी उतरते, पण बाहेर येत नाही. आधी जॅक लावून ट्रेलर उचलायचा, मग त्या उचललेल्या ट्रेलरखाली हात घालायचा, हे मला मुळीच मान्य नाही.

मी स्टेपनी पिकअपच्या हौद्यात, केबिनच्या भिंतीला टेकवून उभी बांधतो. नेवाडातील यूएस-५० वर गावे एवढी विरळ आहेत की मदतीची वाट पाहण्यापेक्षा आपले चाक आपल्या डोळ्यांसमोर असलेले बरे. शिवाय रस्त्यावरच्या मदतीचा माणूस बहुधा तुमचीच स्टेपनी लावून देतो. तुमच्या मापाचा टायर त्याच्या गाडीत असेलच असे नाही.

पायवाट (ॲरिझोना)

सुकाणू, आपला पर्याय आपल्या उंचीच्या माणसाला जमत असेल. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे आणि बहुतेक प्रवास मी व माझी बहीण अशा दोघीच करतो. पोलादी डिस्कवरच्या या टायरचे वजन ७० पौंडांच्या आसपास भरते. ट्रेलर जोडलेला असताना फाळका उघडायला पुरेशी जागा नसते, म्हणून चाक हौद्याच्या बाजूवरून काढावे लागते, आणि नव्या पिकअपचा तो काठ माझ्या खांद्याच्या वर येतो. डोक्यावर ट्रेलरचा पुढे आलेला भाग असतो. अशा कोंडीत ७० पौंडांचे चाक छातीवरून पलीकडे घेणे म्हणजे पाठीचे दुखणे विकत घेणे आहे. दुसरे असे की अनेकांच्या हौद्यात पुढच्या बाजूला जादा डिझेलची टाकी किंवा अवजारांची पेटी असते. साडेसहा फुटी हौदा असेल, तर वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा कोठवर येतो हे पाहूनच चाकाची जागा ठरवावी लागते.

स्टेपनीची जागा ठरवताना प्रत्येकजण ती गाडीत कोठे मावते हे पाहतो. मी ती जमिनीपर्यंत कशी येईल आणि जमिनीवरून नटांपर्यंत कशी चढेल हे पाहते. म्हणूनच आमची स्टेपनी आरपार कप्प्यात, दरवाजाच्या अगदी तोंडाशी आडवी ठेवली आहे. तिच्याखाली गुळगुळीत प्लॅस्टिकचा पत्रा आहे, त्यामुळे ती एका हाताने ओढता येते. दरवाजाच्या काठाला दोन बाय आठची एक फळी तिरपी लावली की चाक तिच्यावरून घसरत खाली येते, उचलावे लागत नाही. हबवर चढवताना एक लांब पहार चाकाखाली घालून त्यावर पाय ठेवला की चाक हवे तेवढे वर येते आणि हात छिद्रे जुळवायला मोकळे राहतात. ही पहार आणि फळी नसती, तर माझ्यापुरता स्टेपनीचा काहीच उपयोग नव्हता.

माळरान

पायवाट, फळीची कल्पना मनापासून आवडली. आमच्या आरपार कप्प्यात सध्या खुर्च्या, शेगडी आणि पाण्याच्या नळ्या भरलेल्या आहेत, त्यामुळे घरात यावर चर्चा करावी लागेल. एक बाळबोध प्रश्न विचारतो. पिकअपच्या स्वतःच्या स्टेपनीने ट्रेलरचे काम भागू शकते का? दोन्हींना आठ-आठ नट आहेत.

वंगण (अल्बर्टा, कॅनडा)

नट आठ असले तरी ते सारख्याच वर्तुळावर असतात असे नाही. या आकाराच्या ट्रेलरना साधारणपणे आठ नट साडेसहा इंचांच्या वर्तुळावर असतात. फोर्डच्या सुपर ड्यूटीला १९९९ पासून १७० मिलिमीटरचे वर्तुळ आहे आणि जनरल मोटर्सच्या मोठ्या पिकअपना २०११ पासून १८० मिलिमीटरचे. रॅमचे वर्तुळ साडेसहा इंचांचे असले, तरी मधल्या छिद्राचा व्यास आणि डिस्कची खोली वेगळी असू शकते. त्यामुळे हा विचार सोडून द्यावा.

मी ट्रेलर दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून रिसीव्हर आणि बंपर यांविषयी थोडे लिहितो. ट्रेलरचा मागचा चार इंची चौकोनी बंपर म्हणजे पातळ पत्र्याची नळी असते. अनेकजण त्याच नळीत सांडपाण्याची नळी ठेवतात, यावरून तिची जाडी ओळखावी. ती फक्त दोन टोकांना चासीला वेल्ड केलेली असते. तिच्यावर यू-बोल्टने स्टेपनी बसवली की प्रत्येक खड्ड्यात चाक पुढे-मागे डुलते आणि तो पीळ थेट वेल्डवर येतो. तडा बहुधा वेल्डच्या खालच्या कडेला सुरू होतो. रंगावर केसाएवढी रेघ दिसते आणि तिच्यातून गंजाचे पाणी ओघळलेले असते. अशी रेघ दिसली की तेथून चाक लगेच काढावे. चासीच्या दोन्ही मुख्य तुळयांना जोडलेला खरा रिसीव्हर यापेक्षा पुष्कळ बरा, पण तो नेमका कशाला जोडला आहे हे खाली वाकून स्वतः पाहावे. माळरान यांच्याकडे त्यावर आधीच सायकली आहेत. त्याच रिसीव्हरवर चाकही लादणे मला पटत नाही.

वजनाचा हिशेबही लक्षात घ्यावा. समजा, अ‍ॅक्सलच्या मध्यापासून किंगपिन (पिकअपच्या हिचमध्ये बसणारी ट्रेलरची पुढची खुंटी) २४ फूट पुढे आहे आणि मागचे टोक १२ फूट मागे आहे. मागच्या टोकाला १०० पौंड टांगले, तर किंगपिनवरचे ५० पौंड कमी होतात आणि अ‍ॅक्सलवर १५० पौंड वाढतात. तेच १०० पौंड अ‍ॅक्सलच्या १६ फूट पुढे असलेल्या कप्प्यात ठेवले, तर सुमारे ६७ पौंड किंगपिनवर जातात आणि अ‍ॅक्सलवर ३३ पौंडच येतात. टायर जेथे २० पौंडांच्या फरकाने चालत आहेत तेथे हा भेद किरकोळ म्हणता येत नाही. मात्र किंगपिनवर गेलेले वजन पिकअपला पेलावे लागते, तेव्हा दाराच्या चौकटीवरचे भारक्षमतेचे लेबल वाचावे आणि सामान भरून एकदा ट्रक-काट्यावर वजन करावे.

उतारू (ऑस्टिन)

आमच्या ट्रेलरला हायड्रॉलिक लेव्हलिंगचे पाय आहेत. बटण दाबले की ट्रेलर हवा तेवढा उचलला जातो. मग खाली जागा नाही ही तक्रारच कोठे उरते? पोटाखालचे चाक उतरवायचे, पाय खाली सोडायचे आणि चाक ओढून घ्यायचे.

वंगण

उतारू, या पायांनी ट्रेलर उचलून चाक बदलू नये, असे ते बनवणारेच आपल्या पुस्तिकेत सांगतात. हे पाय सपाट जागेवर ट्रेलर समपातळीत धरण्यासाठी असतात. महामार्गाच्या उतरत्या, भुसभुशीत कडेवर एका बाजूचा पाय रुतला किंवा नळीतून दाब गेला, तर खाली असलेल्या माणसाला सरकायलाही वेळ मिळत नाही.

चाक बदलण्याची माझी पद्धत साधी आहे. ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवावा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. मग चासीच्या मुख्य तुळईखाली, स्प्रिंगच्या पाट्यांच्या आधाराजवळ बाटली-जॅक लावावा आणि जॅकखाली जाड फळी घालावी. अ‍ॅक्सलच्या नळीच्या मध्यावर जॅक कधीही लावू नये, कारण ती वाकली की चाकांची रेषा बिघडते आणि पुढचे टायर एका बाजूने झिजत राहतात. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला जॅकशिवायचा मार्गही आहे. शेजारचे चांगले चाक चढत्या ठोकळ्यावर घेतले की बहुतेक वेळा फुटलेले चाक अधांतरी येते. त्या ठोकळ्याची भारक्षमता मात्र आपल्या ट्रेलरला पुरेशी असायला हवी.

नट चांदणीच्या क्रमाने आवळावेत. ९/१६ इंची स्टडला साधारण १२० ते १४० फूट-पौंड टॉर्क लागतो, तरी आपल्या अ‍ॅक्सलच्या पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा. त्यानंतर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा टॉर्क तपासावा. नवीन बसवलेल्या चाकाचे नट थोडे ढिले होतातच, आणि हे थांबे टाळणाऱ्यांची चाके निखळून आमच्याकडे येतात.

लाल माती

फुटलेल्या चाकाच्या शेजारच्या टायरकडेही लक्ष द्यावे. एक टायर बसला की त्याचा बराचसा भार त्याच बाजूच्या दुसऱ्या टायरवर जातो आणि तसाच काही मैल चालवला तर तोही आतून खचतो. वरून काही दिसत नाही. मी तो पुढच्या गावात उतरवून आतून तपासून घेतो.

स्टेपनीच्या वयाचाही विसर पडतो. टायरच्या बाजूवरच्या डॉट (अमेरिकी परिवहन खात्याच्या) क्रमांकातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. कधीही न धावलेला टायरही म्हातारा होतो, आणि मागे उन्हात टांगलेला असेल तर अधिकच लवकर.

सुकाणू

पायवाट यांचा काठाच्या उंचीचा मुद्दा मला मान्य आहे. मी हौद्याच्या बाजूवरूनच चाक काढतो आणि वय वाढेल तसे ते जमणार नाही हे उघड आहे. तरीही एक बाब नोंदवतो. आरपार कप्प्याचे एक दार ट्रेलरच्या डाव्या बाजूला, म्हणजे अमेरिकेत वाहतुकीच्या बाजूला असते. स्टेपनी नेमकी त्या दाराशी ठेवली असेल, तर फळी लावायला रस्त्यात उभे राहावे लागेल. ती उजव्या दाराशीच हवी.

पायवाट

अगदी बरोबर. आमची उजव्या दाराशीच आहे. फुटलेले चाक डाव्या बाजूचे असेल, तर आम्ही कडेला थांबून ते बदलतच नाही. धोक्याचे दिवे लावून, माणूस चालेल इतक्या वेगाने महामार्गावरून बाहेर पडण्याच्या पुढच्या मार्गापर्यंत जातो. डिस्क खराब झाली तर झाली. जाणाऱ्या वाहनांनी कडेला थांबलेल्या आणीबाणीच्या गाड्यांपासून दूर सरकावे असा कायदा पन्नासही राज्यांत आहे आणि काही राज्यांत तो साध्या बंद पडलेल्या गाडीलाही लागू आहे, पण त्याच्या भरवशावर रस्त्याकडे पाठ करून बसायची माझी तयारी नाही.

उतारू

अलास्काला जाणाऱ्यांनी दोन स्टेपन्या घ्याव्यात असे ऐकतो. मग दुसरी ठेवायची कोठे?

वंगण

अलास्का हायवे आता पूर्ण डांबरी आहे, तरी तिथल्या दुरुस्तीच्या आणि गिट्टीच्या टप्प्यांसाठी दुसरा टायर जवळ असणे चांगले. तो डिस्कवर चढवलेला असण्याची गरज नाही. नुसता टायर हलका असतो आणि हौद्यात हिचच्या बाजूला आडवा मावतो. गावात कोणीही तो डिस्कवर चढवून देईल. फेअरबँक्सच्या उत्तरेला डाल्टन हायवेवर मात्र फिफ्थ व्हील नेऊच नये. ट्रेलर फेअरबँक्सला ठेवून पुढे जावे.

माळरान

सर्वांचे आभार. शनिवारी सुकाणू यांच्या म्हणण्याची परीक्षा पाहिली. ट्रेलर पिकअपला जोडलेला, बाजूला सरकणाऱ्या खोल्या आत घेतलेल्या, सायकली लादलेल्या, अशा खऱ्या प्रवासाच्या स्थितीत टेप घेऊन खाली गेलो. सपाट काँक्रीटवर बंपरखाली भरपूर जागा आहे, पण बंपरच्या पुढे सांडपाण्याच्या टाक्यांच्या झडपांचा जो आडवा नळ जातो, तेथे जमिनीपासून साडेबारा इंचच मिळतात. चाक ओढताना ते याच नळाखालून यावे लागते. कोपरा दोन इंच जरी बसला, तरी काम अडते आणि त्या नळावर पहार लागली तर वेगळाच प्रसंग ओढवायचा.

त्यामुळे स्टेपनी आरपार कप्प्यात, उजव्या दाराशी जाणार हे नक्की झाले. शेगडी आणि नळ्या हौद्यात जातील. खुर्च्यांवर घरी अजून एकमत नाही. रिकाम्या विंचची तार गुंडाळून ठेवेन, काढून टाकणार नाही. आता प्लॅस्टिकच्या पत्र्याऐवजी बेअरिंगवर सरकणारा ट्रे बसवावा का, एवढाच प्रश्न आहे.

वंगण

ट्रेपूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. दरवाजाची उंची चौकटीच्या लाकडापासून न मोजता आतल्या रबरी पट्टीपासून मोजावी, कारण ट्रेची जाडी आणि चाकाची रुंदी मिळून ती सहज बारा इंचांवर जाते आणि तेथेच रबर फाटते. दुसरे म्हणजे कप्प्याचा तळ. अनेक ट्रेलरमध्ये तो पातळ प्लायवूडचा असून खाली दूरदूर तुळया असतात. ट्रेचे चार स्क्रू नुसत्या प्लायवूडमध्ये मारले, तर ओढून बाहेर काढलेले चाक सगळा भार पुढच्या दोन स्क्रूंवर टाकते आणि ते उपटून येतात. आतून ठोकून तुळया कोठे आहेत ते शोधा, त्यांना आडवी अशी पाऊण इंची प्लायवूडची पट्टी बोल्टने बसवा आणि ट्रे त्या पट्टीवर घ्या. खालच्या बाजूला गॅसची नळी किंवा वायरिंग जात नाही ना, हे बोल्टची भोके पाडण्याआधी पाहून घ्या.